खोलीचा खाडा

मेसचा खाडा हा विषय आपल्याकडे फार गांभीर्याने घेतला जातो. किती दिवस आधी सांगायचं, सलग किती दिवस गैरहजर राहिलं तर खाडा धरायचा, रविवारची फीस्ट त्यात मोजायची की नाही, यावर मेस सेक्रेटरी आणि पोरं यांच्यात जी खडाजंगी होते तेवढी शक्ती अभ्यासात लागली असती तर निम्म्या होस्टेलचे बॅकलॉग निघाले असते. पण गंमत अशी की खाड्याबाबत इतके जागरूक असणारे आपण बाहेर खोली भाड्याने घेताना मात्र तोंडातून शब्द काढत नाही. दोन वेळच्या जेवणाचे पैसे वाचावेत म्हणून रजिस्टरवर न चुकता सही करणारा मुलगा दहा-पंधरा हजारांचं डिपॉझिट मालकाच्या हातात ठेवतो, चावी घेतो आणि विचारतो काय, तर "काका, वायफाय आहे का?"

तर मित्रहो, हा लेख त्या डिपॉझिटबद्दल आहे. ठरलेल्या मुदतीआधी खोली सोडली तर भाड्याचं आणि डिपॉझिटचं काय करायचं, त्याबद्दल. होस्टेलवाल्यांनी "आम्हाला काय त्याचं" म्हणून पान उलटू नये. पहिल्या वर्षी होस्टेलला असणारे कितीतरी जण पुढे सूर्यनगरी, तांदूळवाडी, रुई अशा भागांत खोल्या शोधत फिरतात. आणि स्टाफपैकीही अनेक जण भाड्याने राहतात, काहींची स्वतःची घरं भाड्याने दिलेली असतात. म्हणजे विषय सगळ्यांचाच आहे.

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत एकच नाटक होतं. शेवटच्या वर्षाच्या मुलाला इंटर्नशिप मिळते, हिंजवडी नाहीतर चाकण, फारच नशीबवान असेल तर बंगळूर. पंधरा दिवसांत हजर व्हायचं असतं. पेढे वाटून झाले की तो मालकाकडे जातो, "काका, मी एक तारखेपासून खोली सोडतोय, डिपॉझिट द्या." काका म्हणतात, "आपली बोली मे पर्यंतची होती." मुलगा म्हणतो, "राहणारच नाही तर भाडं कशाचं?" काका म्हणतात, "मग खोली रिकामी ठेवून मी काय करू?" इथून पुढे आवाज चढतो. शेवटी मुलगा डिपॉझिटवर पाणी सोडतो, किंवा पुढच्या वर्षीचे पोरगे "शेवटचे दोन महिने डिपॉझिटमध्ये धरा" म्हणून भाडंच थांबवतात. एका वर्षीच्या भांडणाचं व्याज पुढची बॅच घेते.

यात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी दोन्हीकडचा आहे. बारामतीत मी तिघा मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहतो, म्हणजे भाडेकरू. आणि घरी, इंदापूर तालुक्यात, आमच्या घरामागे चार खोल्या आहेत, त्या वणगळीकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांना दिलेल्या असतात, म्हणजे तिथे मी मालकिणीचा मुलगा. इकडे मित्र मालकाला शिव्या घालतात तेव्हा मी मान डोलावतो, आणि सुट्टीत घरी गेलो की आई भाडेकरू पोरांची गाऱ्हाणी सांगते तेव्हाही मान डोलावतो. मान दुखायला लागली म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या अनुभवावरून बोलणारे विसरतात. "एक महिन्याची नोटीस द्यायची आणि निघायचं" हा नियम मोठ्या शहरात बरोबर आहे, कारण तिथे खोली रिकामी झाली की आठवड्यात दुसरा भाडेकरू उभा असतो. आपल्याकडे खोल्यांनाही हंगाम असतो, उसासारखा. ॲडमिशनच्या वेळी, जुलै-ऑगस्टमध्ये, पालक पिशव्या घेऊन दारोदार फिरतात आणि गोठा सारवून दिला तरी घेतील अशी अवस्था असते. तोच जानेवारीत कुणी खोली सोडली तर वणगळीसारख्या ठिकाणी पुढच्या ॲडमिशनपर्यंत तिकडे कुत्रं फिरकत नाही. आमच्या आईच्या हिशोबात जानेवारीला गेलेला भाडेकरू म्हणजे पाच महिन्यांचं भाडं बुडालं, महिन्याचं नव्हे. महिना अडीच हजार धरले तर साडेबारा हजार. तिने पाच हजार डिपॉझिट अडवलं तर मुलाला ती लुटारू वाटते आणि तिला वाटतं आपलेच साडेसात हजार गेले.

बारामतीचं गणित वेगळं आहे. इथे एमआयडीसी आहे, २०१९ ला सुरू झालेलं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, शेती महाविद्यालय, क्लासेस, बँका, बदली होऊन आलेले सरकारी नोकर. वर्षाच्या मध्येही खोलीला गिऱ्हाईक मिळतं. त्यामुळे बारामतीचा मालक जेव्हा जानेवारीत "मे पर्यंतचं भाडं द्या" म्हणतो आणि फेब्रुवारीत त्याच खोलीत एमआयडीसीतला कामगार राहायला येतो, तेव्हा त्याने एकाच खोलीचं भाडं दोनदा घेतलेलं असतं. याला माझा सरळ विरोध आहे. आईला लागू होणारी सहानुभूती मी त्यांना देणार नाही.

हा फरक माझ्या डोक्यातून निघालेला नाही, कायद्यातही तो आहे. आपल्याला थर्ड इयरला मॅनेजमेंटच्या विषयात करार कायदा एका युनिटमध्ये शिकवून टाकतात आणि आपण तो परीक्षेनंतर विसरतो. १८७२ चा भारतीय करार कायदा. त्याचं कलम ७३ म्हणतं की करार मोडला तर त्यामुळे स्वाभाविकपणे झालेलं नुकसान भरून द्यायचं, आणि ते मोजताना समोरच्याला नुकसान टाळण्याचे जे मार्ग उपलब्ध होते तेही विचारात घ्यायचे. कलम ७४ म्हणतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती सगळी आपोआप मिळत नाही. वाजवी भरपाई मिळते, आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा.

हे कोरडं वाटत असेल तर एक खरा खटला सांगतो. दिल्ली विकास प्राधिकरणाने १९८२ मध्ये एका भूखंडाचा लिलाव केला, बोली ३ कोटी १२ लाखांची. बोली जिंकणाऱ्या कंपनीने पाव हिस्सा, म्हणजे ७८ लाख रुपये, आगाऊ भरले. पुढे व्यवहार रखडला आणि प्राधिकरणाने ते ७८ लाख जप्त केले. नंतर १९९४ मध्ये तोच भूखंड ११ कोटी ७८ लाखांना विकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१५ मध्ये निकाल लागला की पैसे व्याजासह परत करा. एक तर करार कंपनीने मोडलेलाच नव्हता, आणि ज्याचं काही नुकसानच झालं नाही त्याला भरपाई म्हणून पैसे ठेवून घेता येत नाहीत. आता ३ कोटी १२ लाखांचा भूखंड कुठे आणि आपली पत्र्याची खोली कुठे! पण हिशोबाची रीत तीच आहे. डिपॉझिट हे तारण आहे. खोलीचं नुकसान, थकलेलं भाडं, लाईटबिल, मुदतीआधी गेल्यामुळे खरोखर झालेला तोटा, एवढं त्यातून वळतं करावं आणि उरलेलं परत द्यावं. उलट बाजूने, "मी गेलो, विषय संपला" हेही खरं नाही. मे पर्यंतचा शब्द दिला असेल तर मालकाच्या तोट्यातला वाजवी वाटा आपल्याला उचलावा लागतो.

आता कागदाकडे येऊ. आपल्याकडे करार अकरा महिन्यांचाच का, असं कुणाला विचारलं तर "तशीच पद्धत आहे" असं उत्तर मिळतं. कारण असं की १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती चुकवायला अकरा महिने. पण महाराष्ट्रात ही युक्ती २००० सालापासून शिळी झाली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, महिने कितीही असोत, तो लेखी आणि नोंदवलेला हवा. आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदवलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. म्हणजे "बोली मे पर्यंतची होती" असं म्हणणाऱ्या मालकाने खरं तर कागद करायला आपल्यापेक्षा जास्त घाई करायला हवी! हा भाडे कायदा त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या गावा-शहरांपुरता लागू होतो; करार कायदा मात्र उसाच्या फडाशेजारच्या खोलीलाही लागू आहे.

"नोंदणी महाग पडते" ही दुसरी समजूत. हिशोब करून बघा. भाडं महिना सहा हजार, अकरा महिने, डिपॉझिट बारा हजार. एकूण भाडं ६६,००० आणि डिपॉझिटवर वार्षिक दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज ११००. बेरीज ६७,१००. त्यावर मुद्रांक शुल्क शेकडा पाव टक्का, म्हणजे १६८ रुपये. नोंदणी फी नगरपालिका हद्दीत हजार, ग्रामीण भागात पाचशे. वर हाताळणीचा थोडा खर्च. नोंदणी ऑनलाईनही होते. चार जणांत वाटलं तर एका पिक्चरच्या तिकिटाएवढं. आणि आपण काय करतो? स्टँपवर टाईप करून नोटरीचा शिक्का मारून आणतो, ज्याला नोंदणी म्हणत नाहीत. तो स्टँपही पूर्वी शंभराचा असायचा, २०२४ पासून पाचशेचा झाला.

आता एका फ्लॅटमध्ये चार-पाच जण राहतात त्या प्रकाराकडे. यावर कुणी लिहीत नाही आणि खरी भानगड तिथेच आहे. आमच्याच फ्लॅटचं सांगतो. डिपॉझिट वीस हजार. पण आम्ही चौघांनी मालकाला एक रुपयाही डिपॉझिट दिलेलं नाही! आम्ही प्रत्येकी पाच हजार दिले ते आमच्या आधी राहणाऱ्या सिनियर्सना. त्यांनी दिले त्यांच्या आधीच्यांना. अशी साखळी मागे जात जात कुठल्या बॅचला पोचते ते कुणालाच माहीत नाही. मालकाच्या वहीत नाव आहे ते एका मुलाचं, जो सध्या बंगळूरला नोकरीला आहे म्हणतात, आणि ज्याला आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. सातबाऱ्यावर नाव पणजोबांचं आणि कसणारे आपण, तशातला प्रकार. साखळी चालू आहे तोपर्यंत सगळं गोड असतं. पण ज्या वर्षी मालकाला फ्लॅट मुलाच्या लग्नासाठी हवा असेल, त्या वर्षी आत राहणाऱ्या चौघांचे वीस हजार कुणाकडे मागायचे? मालक म्हणणार, "मी तुमच्याकडून घेतलेच नाहीत." आणि ते खरंच असणार.

हे दुरुस्त करायला वकील लागत नाही. माणूस बदलला की मालकाच्या वहीत एक ओळ: अमुक गेला, तमुक आला, डिपॉझिट पाच हजार आता याच्या नावावर, तारीख, दोघांच्या सह्या. आम्ही दिवाळीनंतर वही घेऊन गेलो तेव्हा काका आधी "विश्वास नाही का माझ्यावर?" म्हणाले. काकूंनी आतून सांगितलं, "द्या की सही करून, पोरांच्या आईबापाचे पैसे आहेत." दोन मिनिटांत काम झालं.

आणि चौघांतला एक मध्येच निघाला तर? तेव्हा भांडण मालकाशी होत नाही, आपापसांत होतं. जाणारा म्हणतो मी राहत नाही, उरलेले तिघे म्हणतात तुझा वाटा आम्ही का भरायचा. तीन वर्षं एका ताटात जेवलेली पोरं दीड हजार रुपयांसाठी एकमेकांचे फोन उचलत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझं मत विचाराल तर जाणाऱ्याने बदली माणूस आणून द्यावा. तो मिळेपर्यंत, जास्तीत जास्त दोन महिने, आपला वाटा भरावा. त्यापुढे त्याच्यावर बोजा नको. आणि उरलेल्यांनी आलेला प्रत्येक मुलगा "हा घोरतो", "हा नॉनव्हेज खातो" म्हणून परत पाठवू नये. नुकसान टाळायची जबाबदारी त्यांच्यावरही आहे.

डिपॉझिटमधून काय कापायचं यावर फार लिहीत नाही. रंगाचे पैसे हा सगळ्यात लाडका विषय. दोन वर्षं माणूस राहिला की भिंत मळणारच, तो वापराचा भाग आहे, त्याचा खर्च मालकाचा. पण बेसिन फोडलं, दाराची कडी उपटली, भिंतीला वीस खिळे ठोकले, हा आपला खर्च. राहायला आल्या दिवशी आणि जाताना मोबाईलवर फोटो काढून दोघांकडे ठेवले की निम्मी भांडणं जातात. लाईटबिलाचं म्हणाल तर बिल महिनाभराने येतं म्हणून मालक पैसे अडवून ठेवतो, ते एका अर्थी योग्यच आहे. निघायच्या दिवशी सबमीटरचं रीडिंग दोघांनी मिळून लिहावं आणि तिथल्या तिथे हिशोब करावा. भाडं आणि डिपॉझिट शक्यतो फोनवरून भरावं आणि शेऱ्यात "डिपॉझिट" किंवा महिन्याचं नाव टाकावं. रोख दिलं तर पावती मागावी.

एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा मी दहावीत होतो. भूगोलाचा पेपर रद्द झालेली ती आमचीच बॅच. घरामागच्या चारही खोल्यांना कुलपं. पोरं चार दिवसांनी येतो म्हणून एकेक बॅग घेऊन गेलेली. आत गाद्या, ड्राफ्टर, जर्नलचे गठ्ठे, एकाची सायकल. २९ मार्चला केंद्राच्या गृह मंत्रालयाचा आदेश आला की मजुरांकडून महिनाभर भाडं मागायचं नाही, आणि मजुरांना किंवा विद्यार्थ्यांना घर सोडायला लावणाऱ्या मालकावर कारवाई होईल. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने सूचना काढली की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी. पुढे ढकलावी, माफ करावी असं नव्हे. पोरांच्या वडिलांचे फोन यायचे, "पोरगं तर गावी आहे, भाडं कशाचं?" आई म्हणायची, "सामान तर खोलीतच आहे की दादा, खोली दुसऱ्याला देता येईना." दोघांचंही खरं होतं. शेवटी आईने निम्मं भाडं धरलं. कुणाचा आदेश म्हणून नाही, तिला तेच जमण्यासारखं वाटलं. ऑगस्टमध्ये एक पालक पिकअप घेऊन सामान न्यायला आले. त्यांना निम्म्या भाड्याचा हिशोब करून उरलेलं डिपॉझिट दिलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण जाताना घरातल्या तुरीची एक पिशवी ठेवून गेले. दुसऱ्या एकाशी मात्र अजून बोलणं नाही. रक्कम दोघांची सारखीच होती. फरक एवढाच की पहिल्याशी आईने एप्रिलमध्येच फोनवर ठरवून घेतलं होतं, दुसऱ्याशी थेट ऑगस्टमध्ये.

मालक डिपॉझिट वेळेवर का देत नाहीत याचं एक कारण पोरांना माहीत नसतं, ते इथे सांगतो. बऱ्याच घरांत ते खर्च झालेलं असतं. जुलैत पोरांकडून पंधरा-वीस हजार एकदम हातात येतात, तेव्हाच बी-खताचा, शाळेच्या फीचा खर्च असतो. उसाचं बिल यायला पुढे कितीतरी महिने. त्यामुळे जानेवारीत कुणी "परवा निघतोय, डिपॉझिट द्या" म्हणाला की मालकाच्या पोटात गोळा येतो. मग तो रंग काढतो, लाईटबिल काढतो, "मे पर्यंतची बोली" काढतो. पैसे नाहीत हे सांगायची लाज वाटते. हे समजून घ्यावं, पण मान्य करू नये. दुसऱ्याचं तारण खर्च करायचं नसतं. बँकेत वेगळं खातं काढायला काय लागतं?

मेसच्या खाड्यात आणि खोलीच्या खाड्यात फरक आहे तो हाच. मेसला आधी सांगितलं तर तेवढी कणीक कमी मळली जाते. खोलीत तुम्ही नसला तरी बँकेचा हप्ता, घरपट्टी तेवढीच राहते. म्हणून खोलीचा खाडा फुकट मिळणार नाही, त्याची किंमत असणार. माझं म्हणणं एवढंच की ती किंमत जानेवारीत भांडून ठरवण्यापेक्षा जुलैत हसत-खेळत ठरवावी.

कशी? अकरा महिन्यांचा हट्ट सोडून सेमिस्टरचा करार करावा. दोन दर ठेवावेत. पूर्ण वर्ष राहणार असेल त्याला अडीच हजार. शेवटच्या वर्षाचा असेल, इंटर्नशिप लागेल की नाही माहीत नसेल, त्याने डिसेंबरला सोडायची मोकळीक घ्यावी आणि पहिल्यापासून दोन हजार आठशे भरावेत. दिवाळीच्या सुट्टीआधी मालकाला लेखी कळवावं. कळवलं तर डिपॉझिट पूर्ण परत. कळवलं नाही तर एक महिन्याचं भाडं जाईल, त्याहून जास्त नाही, आणि त्या महिन्यात दुसरा भाडेकरू आला तर तेवढ्या दिवसांचं परत. पूर्ण वर्षाच्या दरावर राहून मध्येच गेला तर दोन महिन्यांचं भाडं, तेही खोली रिकामी राहिली तरच. आकडे ज्याने त्याने आपल्या गावाप्रमाणे बदलावेत. बारामतीत एक महिना पुरे, वणगळीला दोन लागतील. केंद्राने जून २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरी कायदा मंजूर केला त्यात राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं आणि ताबा घेतानाच, कपात करून, परत द्यायचं असं म्हटलंय. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. पण नमुना म्हणून उचलायला आपल्याला कोण अडवतंय?

स्टाफला एक विनंती. होस्टेलचं डिपॉझिट नो-ड्यूजच्या फॉर्मवर सह्या झाल्या की मिळतं, कुणी भांडत नाही, कारण फॉर्म आहे. बाहेर राहणाऱ्यांसाठी असाच एक पानी मराठी नमुना कॉलेजने ॲडमिशनच्या वेळी पालकांच्या हातात दिला तर? कॉलेजला मालक-भाडेकरूच्या भांडणात पडायचं कारण नाही. फक्त कागद द्यावा.

आणि ज्याचे पैसे आधीच अडकलेत त्याने काय करायचं? पहिलं म्हणजे मित्रांची फौज घेऊन जाऊ नये. एक साधं पत्र लिहावं: कधी राहायला आलो, किती दिले, कधी कळवलं, कधी चावी दिली, मीटरचं रीडिंग, तुमच्या हिशोबाने काय कापायचं ते लिहून कळवा. मालकाला हिशोब लिहायला लावलं की "सगळंच कापलं" असं लिहिणं त्याला जड जातं. पत्र स्पीड पोस्टाने किंवा निदान व्हॉट्सॲपवर पाठवावं म्हणजे तारीख राहते. तरी जमलं नाही तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो, दावा न लावता लोकअदालतीत मिटवता येतं. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा कॅम्पस प्लेसमेंटच्या गडबडीत विसरून जाऊ नये.

मी वर सांगितलेला एक पानी मसुदा करून आईला वाचून दाखवला. दोन दर तिला पटले, दिवाळीआधी कळवायची अट फारच पटली. वहीतली सही, मीटर, फोटो, सगळ्याला हो. "डिपॉझिट सात दिवसांत परत" या ओळीवर मात्र थांबली. माझ्या हातातला पेन घेऊन सात खोडलं आणि वर पंधरा लिहिलं. म्हणाली, "तुला काय जातंय लिहायला." मी अजून सातवरच अडून बसलोय.